दात साफ करणाऱ्या हातांनी शिकत राहिले पाहिजे

"दात साफ करून घेतले की दात हलायला लागतात." हे वाक्य ज्या घरात कधी बोलले गेले नाही असे घर आपल्या वस्तीत सापडणे कठीण आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन वाक्ये असतातच. "दाढ काढली की नजर कमी होते" आणि "हिरडीतून रक्त येते, म्हणून ब्रश करणेच सोडले." ही तिन्ही वाक्ये चुकीची आहेत. ती बोलणारी आपली माणसे शहाणीसुरती आहेत, कष्टाळू आहेत. त्यांना शेजारी बसवून नीट समजावून सांगणारे कोणी भेटले नाही. आणि भेटले, तरी त्याचे स्वतःचे ज्ञान वीस वर्षांपूर्वीच्या वहीत अडकून पडलेले असेल, तर त्याचा उपयोग किती होणार?

वाचक बंधू-भगिनींनो, या आठवड्यात आम्ही अशाच समजावून सांगणाऱ्या माणसाविषयी लिहीत आहोत. त्याला डेंटल हायजिनिस्ट म्हणतात. हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलेही नसेल. परंतु आपल्या घरातील म्हाताऱ्या आईच्या हिरड्या, वडिलांची तंबाखूची सवय आणि पोरांचे किडके दात या सगळ्यांशी या माणसाचा संबंध आहे.

हायजिनिस्ट म्हणजे कोण?

हा दातांचा डॉक्टर नव्हे. तो दात काढत नाही, दातात सिमेंट भरत नाही. दातांवर चढलेले किटण काढणे, दात घासून गुळगुळीत करणे आणि तोंडाची निगा कशी राखावी हे रुग्णाला शिकवणे, हे त्याचे काम. आपल्या देशात १९४८ सालच्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टची जी व्याख्या केली, तिच्यात साफ करण्याबरोबर 'शिकवणे' हेही काम म्हणून नोंदलेले आहे. हा जुना कायदा बदलण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. कायदा कोणताही असो, शिकवण्याचे काम या व्यवसायातून वजा करता येत नाही.

या कामाचा जन्म कुठे झाला, तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचे कारखान्यांचे शहर आहे. तेथील दंतवैद्य डॉ. आल्फ्रेड फोन्स यांच्या ध्यानात आले, की दात किडल्यावर दुरुस्त करीत बसण्यापेक्षा ते किडूच नयेत म्हणून झटणे स्वस्तही आहे आणि शहाणपणाचेही. १९०६ साली त्यांनी आयरीन न्यूमन या आपल्या मदतनीस बाईंना दात साफ करण्याचे शिक्षण दिले. १९१३ साली त्यांनी आपल्या मोटारीच्या गॅरेजमध्ये या कामाची पहिली शाळा उघडली. तिथून शिकून बाहेर पडलेल्या स्त्रिया ब्रिजपोर्टच्या शाळांमध्ये गेल्या, मुलांचे दात साफ करू लागल्या, ब्रश धरायला शिकवू लागल्या. १९१७ साली न्यूमनबाईंना या कामाचा परवाना मिळाला. जगातील ही पहिली परवानाधारक हायजिनिस्ट. म्हणजे या व्यवसायाची सुरुवात झाली ती कारखान्याच्या गावात, शाळेतल्या मुलांसाठी आणि स्त्रियांच्या हातांनी.

एकदा शिकले की पुरे का?

वायरमनचे उदाहरण घ्या. लाकडी पट्टीवरच्या वायरिंगचे काम शिकलेल्या माणसाने आजच्या इमारतीत त्याच ज्ञानावर काम केले, तर काय होईल? शॉक कोणाला बसेल? बसेल तो घरात राहणाऱ्यांना. तोंडाच्या आरोग्याचेही तसेच आहे. पदविकेचा कागद भिंतीवर लावला, आणि त्या दिवशी जे माहीत होते तेवढ्यावरच तीस वर्षे नोकरी केली, तर नुकसान खुर्चीत बसलेल्या रुग्णाचे होते. म्हणून नोकरीत असतानाही वर्ग, शिबिरे, व्याख्याने यांतून शिकत राहायचे, यालाच निरंतर शिक्षण म्हणतात.

कोणी म्हणेल, दात तेच, ब्रश तोच, मग बदलले काय? आम्ही काही उदाहरणे देतो. पाहा, आपल्या घराशी त्यांचा किती जवळचा संबंध आहे.

पहिले उदाहरण हिरडीतून येणाऱ्या रक्ताचे. १९६५ साली डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे बंद केले. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. याचा अर्थ काय? दातांवर साचणारा चिकट थर हेच हिरडी सुजण्याचे कारण आहे, आणि रक्त येते तिथे ब्रश थांबवायचा नसतो, उलट मऊ ब्रशाने तो थर रोज नीट काढायचा असतो. ज्यांनी घाबरून ब्रश सोडला, त्यांची हिरडी अधिकच बिघडते. नेटाने घासूनही आठ-पंधरा दिवसांत रक्त थांबले नाही, तर दवाखाना गाठावा.

दुसरे उदाहरण साखरेच्या आजाराचे. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार, ज्याला आपण पायरिया म्हणतो, ही दोन्ही दुखणी एकमेकांना खतपाणी घालतात. साखर वाढली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांत सूज राहिली की साखर आटोक्यात आणणे अवघड जाते. २०१८ साली जगभरातील तज्ज्ञांनी हिरड्यांच्या आजाराची नवी वर्गवारी प्रसिद्ध केली. तिच्यात रुग्ण धूम्रपान करतो का, त्याला मधुमेह आहे का आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी ७ टक्क्यांच्या खाली आहे की वर, हे पाहून आजार किती वेगाने वाढेल याचा अंदाज बांधला जातो. २०१८ पूर्वी शिकलेल्या हायजिनिस्टला हे कॉलेजात शिकवलेच गेले नव्हते. त्याने ते नंतर शिकून घेतले असेल, तरच तो तुमच्या आईला विचारील, "आजी, साखर तपासली का?"

तिसरे उदाहरण लहान मुलांचे. दोन वर्षांच्या आतील मुलांना फ्लोराइडची पेस्ट डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावू नये, असे पूर्वी सांगत. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१४ साली हा सल्ला बदलला. पहिला दात दिसताच फ्लोराइडची पेस्ट लावावी, मात्र तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट पिळलेली दाखवतात, तेवढी मुलाला कधीच देऊ नये. ब्रिटनमध्ये असेही शिकवतात, की घासून झाल्यावर पेस्ट थुंकून टाकावी, पण पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर थोडा वेळ टिकते. मात्र आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांत काही गावांच्या विहिरी व बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते. तेथील मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. अशा गावात पेस्टचा निर्णय दातांच्या डॉक्टरांना विचारूनच करावा. हा फरक ज्याला कळतो, तो खरा शिकलेला हायजिनिस्ट.

चौथे उदाहरण हृदयाचे. हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्यांना दात साफ करण्यापूर्वी अँटिबायोटिक देण्याची पद्धत होती. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ साली ही यादी बरीच लहान केली. कृत्रिम झडप बसवलेले, पूर्वी हृदयाच्या अस्तराला जंतुसंसर्ग झालेले अशा अधिक धोक्याच्या रुग्णांपुरती ती राहिली. गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. पण हायजिनिस्टने आधी विचारले पाहिजे आणि आपणही आपणहून सांगितले पाहिजे.

पाचवे उदाहरण हत्यारांचे. १९८० च्या दशकात एड्सचा विषाणू जगासमोर आला आणि दातांच्या दवाखान्यांची रीत पालटली. प्रत्येक रुग्णाला नवे हातमोजे आणि तोंडावर मास्क हा नेम झाला. कावीळ ब चा विषाणूही रक्तातून पसरतो. हत्यारे नुसती उकळून भागत नाही. दाबाखालच्या वाफेवर, म्हणजे ऑटोक्लेव्ह यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला ठरावीक वेळ ठेवावी लागतात. फूटपाथवर बसून तारेने दात कोरणाऱ्याकडे यातले काहीच नसते. त्याच्याकडे वाचलेले पन्नास रुपये पुढे फार महाग पडू शकतात.

परदेशात नियम, आपल्याकडे?

हायजिनिस्टने शिकत राहावे, ही गोष्ट काही देशांनी केवळ इच्छेवर सोडलेली नाही. ब्रिटनमध्ये हायजिनिस्टला पाच वर्षांत किमान ७५ तासांचे शिक्षण घेतल्याची नोंद दाखवावी लागते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी परवाना नवा करताना २५ तासांचे शिक्षण दाखवावे लागते, आणि त्यात जंतुसंसर्ग टाळण्याचा विषय सक्तीचा असतो. तास भरले नाहीत, तर परवाना नवा होत नाही. आपल्या देशात दंतवैद्यांसाठी निरंतर शिक्षणाचे नियम भारतीय दंत परिषदेने २००७ साली केले. आमचे म्हणणे असे, की ज्याचा हात रुग्णाच्या तोंडात डॉक्टरांइतकाच वेळ असतो, त्या हायजिनिस्टलाही शिक्षणाची तितकीच गरज आहे. ज्या दवाखान्यात तो नोकरी करतो, त्यांनी त्याला शिबिराला जायला भरपगारी सुट्टी द्यावी, फी भरावी. कामगाराचे कौशल्य वाढले तर फायदा मालकाचाही होतो.

सर्वांत मोठी गोष्ट

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. ती आहे तोंडाचा कर्करोग.

आपल्या वस्तीत तंबाखू किती रूपांत शिरलेला आहे, हे वेगळे सांगायला नको. चुना-तंबाखूचा बार, गुटखा, मावा, विडी. आणि घरातील स्त्रियांच्या हाती मशेरी किंवा मिश्री. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा आणि दातांना लावायचा. पहाटे पाण्याच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी, कामावरून आल्यावर, डोके जड झाले की पुन्हा. माता-भगिनींनो, मशेरी हे दंतमंजन नाही, तो भाजलेला तंबाखूच आहे. गरोदरपणी तंबाखू घेतला, तर पोटातील बाळाचे वजन कमी भरते. तंबाखू घातलेली दंतमंजने आणि पेस्ट बनवण्यास व विकण्यास केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली. पण घरच्या तव्यावर कायद्याची नजर पोहोचत नाही.

सुपारीला तर आपण निरुपद्रवी समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकले. सुपारी आणि गुटख्याने गालाच्या आतले कातडे ताठ होते, तिखट सोसत नाही, तोंड हळूहळू उघडेनासे होते. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तरी जवान पोरांची तोंडे मिटत चालली आहेत, हे आपण पाहतोच.

या आजारात जीव वाचवणारी गोष्ट एकच, तो लवकर दिसणे. गालाच्या आत न पुसला जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम. आणि हे बघायला मोठे यंत्र लागत नाही. चांगला उजेड आणि शिकलेली नजर पुरते. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठी पाहणी झाली. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये, तपासणी झालेल्या भागात तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते!

विचार करा. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या माणसांच्या नजरेने हे साधले. मग जो हायजिनिस्ट रोज दहा-बारा लोकांच्या तोंडात अर्धा-अर्धा तास पाहतो, त्याची नजर तयार असेल तर तो किती घरे वाचवील? आणि तीच नजर तयार नसेल, तर तो पांढऱ्या चट्ट्याच्या शेजारचा दात चकचकीत करून रुग्णाला घरी पाठवून देईल. निरंतर शिक्षणाचा खरा अर्थ आम्हाला इथे दिसतो.

शिक्षणाचा आणखी एक भाग आहे बोलण्याचा. "बाई, किती घाणेरडे दात केलेत!" असे ऐकून गेलेली आपली माणसे त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढत नाहीत. रुग्णाला खजील करून सवय सुटत नाही. "मशेरी कधीपासून लावता? सोडावीशी वाटते का? काय अडचण येते?" असे विचारावे आणि ऐकून घ्यावे. हे बोलणेही शिकावे लागते, आणि त्याचाही सराव करावा लागतो.

आपण काय करावे?

दात साफ करायला जाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

एक, हातमोजे नवे आहेत का, हत्यारे ऑटोक्लेव्हमधून काढली आहेत का, असे विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे. दोन, मधुमेह, रक्तदाब, हृदयाची झडप, गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांपैकी जे असेल ते आधी सांगा. तीन, साफ करून झाल्यावर म्हणा, "जीभ, गाल, जिभेखालचा भाग हेही एकदा पाहून घ्या." चार, घरी कसे घासायचे ते स्वतःच्या तोंडात दाखवून घ्या.

आणि दात हलण्याचे काय? किटण वर्षानुवर्षे साचले की त्याच्या आडून दाताभोवतीचे हाड झिजते. दात तेव्हाच सैल झालेला असतो. किटणाने त्याला नुसते जखडून ठेवलेले असते. ते काढले की सैलपणा कळतो, एवढेच. शिवाय सूज उतरली की दातांत फटी दिसतात, काही दिवस थंड पाणी झोंबते. ते हळूहळू कमी होते. नजरेचा तर दाढेशी संबंधच नाही. दाढ काढायच्या वयात चष्माही लागतो, म्हणून लोकांनी दोन्हींची गाठ बांधली.

सरकारी व महापालिकेच्या दंत महाविद्यालयांत, म्हणजे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालयांत आणि मुंबईच्या नायर दंत रुग्णालयात, खासगीपेक्षा बऱ्याच कमी खर्चात उपचार होतात. ३० वर्षांवरील व्यक्तींच्या तोंडाची तपासणी २०१६ पासून राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात आलेली आहे. आपल्या आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात त्याबद्दल विचारा. तंबाखू सोडायचा असेल, तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

आपल्या मुलींसाठी

बारावी विज्ञान झालेल्या आमच्या कितीतरी मुली नर्सिंगला प्रवेश मिळाला नाही की घरी बसतात. त्यांनी डेंटल हायजिनिस्टच्या दोन वर्षांच्या पदविकेची चौकशी जरूर करावी. संस्था मान्यताप्राप्त आहे का आणि पदविकेनंतर नोंदणी होते का, ही खात्री फी भरण्यापूर्वीच करावी. आणि ज्या मुली या कामात आधीच आहेत, त्यांना आमचे सांगणे आहे, की वर्षातून एक-दोन शिबिरे चुकवू नका. जे नवे शिकाल ते रविवारी आपल्या वस्तीतल्या बायकांना गोळा करून सांगा. कॉलेजात जे मिळाले, त्यावर वस्तीचाही हक्क आहे.

रविवारी सकाळी घरातल्या प्रत्येकाने आरशासमोर, उजेडात, तोंड पूर्ण उघडून दोन्ही गाल आणि जिभेच्या कडा पाहाव्यात. ज्यांना दिसत नाही त्यांचे मुलांनी पाहावे. चट्टा, गाठ किंवा न भरणारी जखम दिसली, की सोमवारची हजेरी बुडाली तरी चालेल, पण दवाखाना बुडवू नये.

पुढील अंकी : दुधाचे दात पडणारच, मग त्यांची काळजी कशाला?